एल्क हॉर्नचे आप्पे आणि मक्याची इर्जिक

नमस्कार मंडळी! आज तुम्हाला अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका एवढ्याशा गावाबद्दल सांगायचंय, एल्क हॉर्न. आम्ही शेजारच्या नेब्रास्कातल्या ओमाहात राहतो, तिथून आय-८० हायवेनं पूर्वेला निघालं की तासाभरात येतं. वस्ती सहाशेच्या आसपास, चहूकडे नुसता मका आणि सोयाबीन, आणि त्यात अचानक साठ फूट उंच पवनचक्की उभी दिसते! आणि ती खरीखुरी आहे हं. १८४८ साली डेन्मार्कमध्ये बांधलेली, १९७६ मध्ये सुटी करून, लाकडांवर नंबर टाकून इकडे आणली आणि गावातल्याच लोकांनी आपापली कामं सांभाळून, एक पैसा न घेता परत जोडली. आजी-पणजी डेन्मार्कहून आलेली, म्हणून ही सगळी ओढ.

मे अखेरीस मेमोरियल डेच्या सुट्टीच्या वीकेंडला तिथे टिव्होली फेस्ट असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक आजी बिडाच्या तव्यावर काहीतरी करत होत्या, तव्याला गोल गोल खड्डे, मी बघतच राहिले, अहो हे तर आपलं आप्पेपात्र! पीठ ताकातलं, खालची बाजू जरा धरली की विणायच्या सुईनं टुचकन फिरवायचं, वर पिठीसाखर आणि जॅम. एबलस्किवर म्हणतात त्याला. मी म्हटलं आमच्याकडे पण असंच करतात, तर त्यांनी लगेच सुई माझ्या हातात दिली. माझे पहिले दोन फाटले पण तिसरा छान गोल आला.

पण मला मनापासून सांगायचंय ते वेगळंच. माझ्या आजोळी इर्जिक असायची, एखाद्याचं रान अडलं की अख्खा गाव बैल-नांगर घेऊन हजर, मजुरी नाही, ज्याचं रान त्यानं जेवण घालायचं. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडेच आहे.

मग एका ऑक्टोबरमध्ये त्याच भागातले आमच्या ओळखीचे एक शेतकरीकाका ऐन काढणीत हॉस्पिटलमध्ये गेले. मका तर वाळून उभा, वारा सुटला की ताटं मोडतात आणि कणसं खाली जातात, म्हणजे थांबून चालत नाही. शनिवारी सकाळी दव उडालं आणि शेजाऱ्यांच्या कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची मोठी यंत्रं, एकामागोमाग शेतात शिरल्या, स्वतःचा मका तसाच उभा ठेवून आलेली माणसं ही! कंबाइन थांबायचीच नाही, तिच्या बरोबरीनं ट्रॅक्टर गाडी ओढत पळायचा आणि चालता चालताच पिवळाधमक दाणा त्यात पडायचा, धूळ एवढी की दुपारीच सगळ्यांनी दिवे लावले. हुकूम सोडणारं असं कोणीच नव्हतं, ज्याला त्याला आपलं काम माहीत.

जेवण मात्र घरच्यांना करू दिलं नाही. चर्चमधल्या बायकांनी हॅमची सँडविचेस, कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला एक पदार्थ), आणि स्कॉचरू म्हणून एक पीनट बटरची वडी असते, वर चॉकलेटचा थर, ती ट्रे भरभरून आणली. पिकअपचं मागचं फळकूट पाडलं की झालं टेबल. मी मसालेभात नेला होता, तोही संपला.

ट्रक एलेव्हेटरवर जायचे, म्हणजे धान्याच्या त्या उंच कोठारांवर. तिथे ट्रक काट्यावर चढवतात, नळी खुपसून दाण्यातली ओल बघतात, साधारण १५ टक्के असली की ठीक, नाहीतर वाळवण्याचे पैसे कापतात. मग पावती. ट्रक सात जणांचे होते, पण काट्यावर नाव विचारलं की प्रत्येक ड्रायव्हर काकांचंच नाव सांगायचा. संध्याकाळी त्या सगळ्या पावत्या काकूंच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाखाली लावलेल्या होत्या, आणि काकू फोनवर हॉस्पिटलमध्ये एकेक वाचून दाखवत होत्या, किती बुशेल (धान्याचं तिकडचं माप), किती ओल, कोणाचा ट्रक.