वरण न शिजणाऱ्या विहिरीचं पाणी

(वरुड-मोर्शी भागात एका संत्र्याच्या बागेत, मुक्कामी पर्यटकांसाठी खोल्या आणि पोहण्याचं टाकं बांधलेल्या शेतकऱ्यांपुढे केलेलं बोलणं. थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. सकाळी आल्या आल्या मी इथल्या काकूंना एकच विचारलं, या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का? त्या म्हणाल्या, "नाही नं बाप्पा. वरणाला नळाचं पाणी घेतो, हे नुसतं वापरायला." झालं, माझी अर्धी तपासणी तिथंच उरकली. डाळ शिजत नाही म्हणजे पाणी जड. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींना बहुधा त्याच्या जोडीला बायकार्बोनेटही भरपूर. त्याच पाण्याने तुम्ही हे टाकं भरलंय. मी टाकंच म्हणतो. पूल म्हटलं की आपल्या माणसाला नाल्यावरचा आठवतो.

मी काही केमिस्ट नाही. वीस वर्षं ठिबक बसवलं, दुरुस्त केलं. पहिल्यांदा एकाने फार्महाऊसच्या टाक्यासाठी बोलावलं तेव्हा पोटात गोळा आला होता. मोटरीच्या खोलीत जाऊन पाहतो तर कोपऱ्यात ओळखीचाच पाहुणा बसलेला: सँड फिल्टर. तुमच्या बागेत ठिबकला आहे तोच, फक्त याची टाकी फायबरची. आणि कपाटात काय, तर ॲसिड आणि क्लोरीन. ड्रिपरमध्ये चुना अडकला की आपण ॲसिड सोडतो, शेवाळ झालं की क्लोरीन. म्हणजे यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतं. फरक एवढाच, की ठिबकचं पाणी एकदा जातं ते जातंच. इथं तेच तेच पाणी फिरून परत येतं.

आता पीएच. विहिरीतून काढलेल्या पाण्याचा पीएच मोजा, ७.२-७.३ येईल. खूश होऊन तुम्ही घरी जाता. चार दिवसांनी मोजा, ८.२-८.३. कोणी काही टाकलेलं नसतं. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. सोड्याची बाटली उघडल्यावर जसा वायू निघून जातो तसा तो निघतो आणि पीएच वर चढतो. तुम्ही फोटोसाठी तो दगडी धबधबा लावलाय ना, तो हेच काम आणखी जोरात करतो. पाहुणे नसतील तेव्हा बंद ठेवत जा.

पीएचची एवढी काळजी कशाला? क्लोरीन पाण्यात पडलं की त्याची दोन रूपं होतात. एक जंतू मारणारं, दुसरं नुसतं हजेरी लावणारं. पीएच ७.५ असेल तर दहा मजुरांतले पाच काम करतात. आठवर गेला की दोन-तीन. साडेआठवर एक. हजेरीपटावर दहा, निंदायला एक, बाकीचे धुऱ्यावर बसून तंबाखू मळतायत. आणि आपण काय करतो? काम होत नाही म्हणून आणखी दहा मजूर सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात असंच झालं. शनिवारी दुपारी एका दादाचा फोन: उद्या पाहुणे येणार आणि टाकं हिरवंगार. मी पोचलो तेव्हा ते हिरवं नव्हतं, दुधासारखं पांढरं झालं होतं. खाली हिरवं, वर पांढरं. टीसीएलच्या दोन रिकाम्या पिशव्या काठावर पडलेल्या. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच पावडर, ताजी असेल तर त्यात तेहेतीस टक्क्यांपर्यंत क्लोरीन, उरलेला बराचसा भाग चुना. जड पाण्यात, चढलेल्या पीएचला, आणखी चुना टाकला तर तो विरघळून राहील कुठे? तो पांढरा होऊन तरंगायला लागला. दादाने तपासणीच्या किटने पीएच पाहिला होता, तर नळीतलं पाणी जांभळं झालं. त्याला वाटलं किट खराब. किट बरोबर होतं; क्लोरीन फार झालं की किटमधल्या फिनॉल रेडचा, म्हणजे पीएच दाखवणाऱ्या थेंबांचा, रंग असाच बिघडतो. माझ्याकडे फवारणीचं पाणी तपासायचं पेनासारखं मीटर होतं. त्यावर आलं ८.४.

मी म्हटलं, पावडर बंद. आधी ॲसिड. आठ बाय चार मीटरचं टाकं, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे चाळीस घनमीटर, ४०,००० लिटर. हा हिशोब प्रत्येकाने आपल्या टाक्याचा करून भिंतीवर लिहून ठेवा; तो माहीत नसेल तर बाकी सगळं अंदाजपंचे. तिथं हार्डवेअरच्या दुकानातलं साधारण ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड अर्धा-अर्धा लिटर करून, पाण्याने भरलेल्या बादलीत मिसळून, मोटर चालू ठेवून, खोल बाजूने सोडलं. दोन-दोन तासांनी मीटर पाहायचं. दीड लिटर गेलं तेव्हा साडेसातला आलो. मग फक्त फिल्टर चालवत ठेवला. पाहुणे रविवारी आले, त्यांना पाणी लांबूनच दाखवलं. मंगळवारी तळाची फरशी दिसायला लागली. दादा म्हणाला, "म्हणजे क्लोरीन पहिल्याच दिवशी पुरेसं होतं?" होतं, राजेहो.

नेहमीचे आकडे सांगतो. पीएच ७.२ ते ७.८, जमेल तर साडेसाताच्या आसपास. मोकळं, म्हणजे अजून कामाला उरलेलं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम). अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः ते मघाचं बायकार्बोनेट, ८० ते १२० पीपीएम. बाहेरची माहिती वाचली की अल्कलिनिटी कमी पडते म्हणून खाण्याचा सोडा टाकायला सांगतात. ती त्यांच्या मऊ पाण्याची गोष्ट. तुमच्या विहिरीत ती आधीच अडीचशे-तीनशे असू शकते. सोडा टाकणं म्हणजे खारपाणपट्ट्यात मीठ नेऊन टाकणं. तुम्हाला उतरवायची आहे. ४०,००० लिटरमध्ये १० पीपीएम उतरवायला त्याच ॲसिडचं सुमारे ८०० मिलीलिटर लागतं. हे महिन्याभरात थोडं थोडं करा, एका दिवसात नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडून कोणी आलं असेल तर त्यांच्यासाठी वेगळं: बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पहिल्या क्लोरीनलाच टाकं काळ्या चहासारखं होतं. घाबरू नका, ते गाळून निघतं, पण नवं पाणी भरताना प्रत्येक वेळी होणार.

क्लोरीन संध्याकाळी टाका. आपल्या ऊनात साधं क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी होतं. सकाळी नऊला हायपो, म्हणजे कॅनमधलं पातळ क्लोरीन, ओतणारा माणूस ते सूर्याला पाजतो. २ पीपीएमसाठी चाळीस हजार लिटरला ८० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे दहा टक्क्यांचं हायपो ८०० मिलीलिटर. पण कॅन टिनाच्या शेडमध्ये महिनाभर तापला असेल तर त्यात दहा टक्के राहिलेले नसतात. लहान कॅन घ्या, सावलीत ठेवा.

यावर उपाय म्हणून दुकानदार क्लोरीनच्या गोळ्या देतो. त्या ऊनात टिकतात, कारण त्यात सायन्यूरिक आम्ल असतं, क्लोरीनची छत्री म्हणा. क्लोरीन संपतं, छत्री मात्र पाण्यातच राहते. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळीतून दिलं तर छत्री रोज सव्वा पीपीएमने वाढते; तीन महिन्यांत शंभरावर. तीस ते पन्नास चांगलं, शंभरावर क्लोरीन छत्रीखाली झोपा काढतं. मग पाणी काढून टाकण्याशिवाय इलाज नाही, आणि मे महिन्यात आपल्या गावात वीस हजार लिटर पाणी नाल्यात सोडून दाखवा, लोक काय म्हणतील ते ऐका. म्हणून पन्नासपर्यंत गोळी, पुढे हायपो. गोळ्या विकणाऱ्याने हे मला कधी सांगितलं नव्हतं. एक अख्खं टाकं रिकामं केल्यावर कळलं.

जे उडून जात नाही ते साठत जातं, हे तुम्हाला कूलर शिकवतो. मे संपता संपता कूलरच्या ताट्यांवर पांढरं कवच येतं की नाही? पाणी उडतं, क्षार राहतात. टाक्याचंही तेच. आठ बाय चारच्या टाक्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडालं तर ३२० लिटर. ते रोज जड पाण्यानेच भरलं तर दोन महिन्यांत कडेच्या टाइल्सवर नखाने निघणार नाही असा पट्टा बसतो. पावसाळ्यात छपराचं पाणी धरता येत असेल तर धरा, भरायला त्यासारखं पाणी नाही.

एक गोष्ट माझ्या मूर्खपणाची. ॲसिडची बादली रिकामी समजून मी तीत हायपो ओतलं. तळाशी वाटीभर ॲसिड होतं. पिवळसर धूर, आणि छातीत मिरची भरल्यासारखं. मी बाहेर पळालो म्हणून आज बोलतोय. दोघांच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा, खोल्याही वेगळ्या. टीसीएल काढायचा मग गोळ्यांच्या डब्यात घालायचा नाही. ते मिश्रण पेट घेतं. आणि ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही.

आता फिल्टर. धुतलेल्या वाळूला दाबाच्या गेजवर जो आकडा येतो तो मार्करने लिहून ठेवा, समजा १०. तो १८-२० झाला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं. त्याआधी नाही! ठिबकवाल्यांची खोड असते, रोज सकाळी बॅकवॉश. थोडी मळलेली वाळू जास्त बारीक कचरा धरते. रोज धुतली तर पाणी कायम धुरकट राहणार, वर चारपाचशे लिटर वाया. आकडा उलट १० च्या खाली गेला तर वाळूकडे बघू नका, मोटरीपुढची टोपली उघडा. कडुनिंबाचा पाला सापडेल.

वाळू नदीची चालत नाही. वर्ध्याची वाळू घराच्या स्लॅबला उत्तम, पण तिचे दाणे लहानमोठे. इथं अर्ध्या मिलीमीटरची चाळलेली सिलिका लागते. तीन ते पाच वर्षांत बदला. आपले पाहुणे डोक्याला खोबरेल चोपडून उडी मारतात. त्या तेलाने वाळूचे लाडू होतात, पाणी लाडवांच्या मधून वाट काढून न गाळताच परत येतं. शॉवर कंपल्सरी करा, पाट्या लावा, पोट्ट्यांना उभं करा. टाक्याच्या तळाशी फिल्टरची वाळू दिसली तर आतल्या जाळीच्या नळ्या तुटल्या समजा.

आणि मोटर किती वेळ? सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरवलं म्हणजे सगळं गाळलं असं नाही. गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी प्रत्यक्षात वाळूतून जातं, दुसरीत ८६, तिसरीत ९५. चाळीस हजार लिटरला तासाला ८,००० लिटरची मोटर असेल तर एक फेरी पाच तासांची. संध्याकाळी क्लोरीन टाकून रात्रभर चालवा, लाइन राहिली तर.

बॅकवॉशचं पाणी कुठे सोडता, ताई? संत्र्याच्या बुडाशी? नका सोडू. संत्र्याला क्लोराइड सोसत नाही, पानांची टोकं जळतात. वेगळा खड्डा करा.

बरं, बोलून खूप झालं. चला त्या खोलीत. गेज आत्ता २१ दाखवतंय, मी मघाशी पाहिलंय. कोण फिरवणार हँडल? ये, तू ये. थांब, थांब, मोटर आधी बंद कर. चालू मोटरीवर हँडल फिरवलं की आतलं रबर फाटतं आणि रात्रभर पाणी गटारात जातं. हं, बंद. आता दाब, आणि बॅकवॉशवर आण. मोटर चालू. बघा त्या काचेत, काय रंग आलाय.