पापण्या जड, जीभ बोजड, पण ताप नाही

नमस्कार श्रोतेहो.

1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटात जेवून गेलेली माणसं एकेक करून आजारी पडू लागली. कुणाला एकाचे दोन दिसायचे, कुणाला घास गिळवेना. जो तो आपापल्या गावच्या डॉक्टरकडे गेला. कुणाला अर्धांगाचा झटका म्हणून सांगितलं, काहींच्या माथी तर मानसिक आजार मारला. पुढे माँट्रियलमध्ये एकाच घरातली आई आणि दोन मुली आजारी पडल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. बाधा एकूण 36 जणांना झाली होती. कारण काय, तर चिरून तेलात ठेवलेला लसूण. त्याची बाटली फ्रिजबाहेर राहिली होती.

या विषबाधेचं नाव बॉट्युलिझम. हिचे जंतू बीजरूपाने मातीत असतात आणि मातीतून लसणावर येतात. साध्या उकळीने हे बीज मरत नाही. हवा नाही, आंबटपणा नाही, वर उबदार जागा, असं जमून आलं की ते रुजतं आणि विष तयार होतं. पदार्थाला वास येईलच, हवाबंद डबा फुगेलच, असं नाही. म्हणून ‘चाखून बघते हं जरा’ हे इथे चालत नाही.

खाल्ल्यानंतर बहुधा 12 ते 36 तासांत, कधी काही दिवसांनी, त्रास सुरू होतो. आधी डोळे: पापण्या मिटू लागतात, दोन-दोन दिसतं. मग तोंड कोरडं, बोलणं बोजड, पाणी पिताना ठसका. मग मान, हात, छाती, पाय. लुळेपणा वरून खाली उतरतो, दोन्ही बाजूंना सारखाच. ताप नसतो, माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, म्हणूनच घरचे ‘दमलाय, झोपू दे’ म्हणतात. झोपू देऊ नका! तोंडाने काही पाजू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय खाल्लं ते सांगा. उरलेलं अन्न फेकू नका, झाकून बाजूला ठेवा, तपासणीला लागतं.

यावर प्रतिविष आहे. ते रक्तात फिरणारं विष अडवतं, पण लुळे पडलेले स्नायू लगेच उठवत नाही. म्हणून तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, नुसत्या संशयावरही ते सुरू करतात. श्वास अडला तर व्हेंटिलेटर, कधी कित्येक आठवडे.

आपलं कैरीचं, लिंबाचं लोणचं आंबट आणि खारट, त्याची धास्ती नको. तेलातला लसूण मात्र फ्रिजमध्येच ठेवा, चार दिवसांत संपवा. फुगलेला, गळका डबा न उघडता टाकून द्या.

आता बाळाचं. जन्मल्याबरोबर सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची, गुटी मधात उगाळायची, ही आपल्याकडची हौस. मधात हे बीज असू शकतं. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाही, तान्ह्याच्या आतड्यात रुजतं. घरी मध गरम करूनही उपयोग नाही. बाळाला शी होईना, रडण्यातला जोर गेला, दूध ओढेना, मान सैल पडली, तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच न्या आणि मध चाटवला असेल तर तसं सांगा, लाजू नका. वर्षाच्या आत मधाचं बोट नको. आजीबाई रुसल्या तर रुसू देत, पहिल्या वाढदिवसानंतर त्यांच्याच हातून चाटवा.