अप्पाकाकांचं बजेट

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बजेट आणि महागाईवर भाष्य करणाऱ्यांबद्दल. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकलो. पण कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला नाट्यगीतांचं, तसं मला अर्थशास्त्राचं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, जाहीर व्हायचा असला की मी सकाळी दहाला कान टवकारून बसतो. बायको म्हणते, "अहो, आपलं कर्ज कधीच फिटलंय!"

हे खूळ डोक्यात घातलं आमच्या अप्पाकाकांनी. नामवंत कायदेपंडित नानी पालखीवाला दरवर्षी बजेटवर भाषण द्यायचे, तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. 1958 साली मुंबईत ग्रीन हॉटेलच्या लहानशा हॉलमध्ये सुरुवात झाली, आणि पुढे गर्दी एवढी वाढली की ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. बजेटच्या भाषणाला स्टेडियम! 1985 साली, मी नववीत असताना, काका मला तिथे घेऊन गेले. पालखीवालांच्या हातात चिठ्ठी-चपाटी काही नाही, आकडे मात्र धडाधड. भाषण इंग्रजीत, त्यामुळे मला 'टॅक्स' एवढंच कळलं. काका एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे उतरवत होते.

खरी मजा परतीच्या विरार फास्टमध्ये. दादर गेलं, आणि काकांनी उभ्याउभ्याच तेच भाषण मराठीत सुरू केलं. एक हात कडीला, एका हातात पत्रिका. डब्यातल्या भजनी मंडळाने टाळ मांडीवर ठेवले. काका म्हणाले, "अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंगांनी करमाफीची मर्यादा पंधरा हजारांवरून अठरा हजारांवर नेली. भागिले बारा. महिना दीड हजारापर्यंत कर नाही!"

एकजण म्हणाला, "माझा पगार सतराशे."

"मग वरच्या दोनशेवर भरा."

तेवढ्यात चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेले एक गृहस्थ डोळे न उघडताच म्हणाले, "स्टँडर्ड डिडक्शन कुठे गेलं? पगारदाराची ठरावीक वजावट, ती आधी वजा करा. याला एक पैसा लागत नाही."

डबा हसला. टाळ पुन्हा सुरू झाले. काका बोरिवलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री जेवण बाजूला सारून त्यांनी सगळा हिशेब पुन्हा केला.

तेव्हा बजेट संध्याकाळी पाचला मांडायचे. 1999 पासून ते सकाळी अकराला गेलं, आणि माझ्या मते चुकलंच. पाचला माणूस घरच्या वाटेवर असायचा, रात्री चाळीच्या गॅलरीत चर्चा रंगायची. आता ऑफिसात चोरून मोबाईल बघायचा, आणि रात्री टीव्हीवर आठ चौकटींत आठ माणसं एकदम ओरडतात. असो.

सांगायचं होतं भाष्यकारांबद्दल, आणि घड्याळ पुढे पळतंय. उपमा देणाऱ्यापेक्षा भागाकार करून दाखवणारा मला जवळचा वाटतो. बातमी येते, 'महागाई उतरली', आणि आपण म्हणतो, मग तूरडाळ का नाही उतरली? ऐका. 100 रुपयांची वस्तू 8 टक्क्यांनी वाढून 108 ला गेली. पुढच्या वर्षी महागाई 4 टक्क्यांवर आली, की ती 112 रुपये 32 पैसे होते. पुन्हा सांगतो, 112 रुपये 32 पैसे. दर उतरला, किंमत नाही उतरली. किंमत वाढायचा वेग तेवढा मंदावला. आणि 4 टक्के हेच तर रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य, दोन टक्के इकडेतिकडे. म्हणजे महागाई शून्य करायची, असं कुणी म्हणतच नाहीये.

ती लग्नपत्रिका माझ्याकडे अजून आहे. पेन्सिलीचे आकडे पुसट झालेत. खाली निळ्या शाईत काकांच्या अक्षरात लिहिलंय: 'स्टँ. डि. विसरलो. चौथी सीट बरोबर.'

पुढच्या मंगळवारी पोस्टातल्या व्याजदरांबद्दल बोलू. नमस्कार.