सेलेरॉन, चिकटपट्टी आणि दीडपट वेग

श्रोतेहो, नमस्कार.

प्रोसेसरच्या खोक्यावर वेगाचा एक आकडा छापलेला असतो. त्याहून जास्त वेगाने तो पळवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यात वीज जास्त जाते, पंखे घोंघावतात, वॉरंटी धोक्यात येते. तरीही हौशी मंडळी वर्षानुवर्षं हा उद्योग करत आली आहेत. का?

कारण छापील आकडा म्हणजे चिपची कुवत नव्हे. पुन्हा सांगतो, छापील आकडा म्हणजे चिपची कुवत नव्हे. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप बनतात आणि त्या सारख्या निघत नाहीत. कारखाना त्या तपासतो, वर्गवारी लावतो आणि प्रत्येकीला असा आकडा देतो, की कोंदट कॅबिनेटमध्ये, धूळ भरलेल्या पंख्याखाली, वर्षानुवर्षं चालली तरी ती चुकू नये. म्हणजे हातचं राखून दिलेला शब्द. शिवाय स्वस्त चिपला गिऱ्हाईक जास्त असतं. महाग चिपइतक्याच दमाच्या चिपवरही मग कमी आकडा पडतो. ही राखून ठेवलेली ताकद बाहेर काढायची, एवढाच हा खेळ.

हे कसं घडतं ते पाहायचं असेल, तर 1998 सालाकडे जायला हवं. ही हकिगत सांगितल्याशिवाय ओव्हरक्लॉकिंगवर बोलणंच अपुरं आहे.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. खर्च वाचवायला त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे सतत लागणारा डेटा हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, पूर्ण काढून टाकली होती. परिणाम व्हायचा तो झाला. रोजच्या कामात तो रडतखडत चालायचा आणि जाणकारांनी त्याला नावं ठेवली. ऑगस्टमध्ये इंटेलने चूक दुरुस्त केली आणि सेलेरॉन 300 ए बाजारात आला. यात 128 किलोबाइट कॅश होती, आणि तीही थेट प्रोसेसरच्याच चिपवर, प्रोसेसरच्याच वेगाने धावणारी. त्याच दिवशी आलेल्या पेंटियम टू 450 मध्ये कॅश होती 512 किलोबाइट, पण वेगळ्या चिपमध्ये आणि निम्म्या वेगाची. सेलेरॉनचा घाऊक भाव 149 डॉलर, पेंटियमचा 669 डॉलर.

आता गणित ऐका. सेलेरॉनचा मल्टिप्लायर, म्हणजे बोर्डाच्या वेगाला गुणणारा आकडा, साडेचारवर कुलूपबंद होता. मदरबोर्डाच्या बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या यंत्राशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग 66 मेगाहर्ट्‌झ. 66 गुणिले साडेचार, झाले जवळपास 300. पण त्याच काळात 440 बीएक्स चिपसेटचे बोर्ड आले होते आणि त्यांची बस 100 मेगाहर्ट्‌झने चालायची. 100 गुणिले साडेचार? 450! कुलूप होतं मल्टिप्लायरला, बसचं दार उघडंच होतं.

मध्येच 75 किंवा 83 मेगाहर्ट्‌झवर थांबणं जास्त सुरक्षित वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं, आणि ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नसे. साउंड कार्डासारखी जोडकार्डं आणि हार्ड डिस्क ज्या पीसीआय नावाच्या बसवर असत, तिला साधारण 33 मेगाहर्ट्‌झ लागतात. 66 ला दोनाने भागलं की 33 येतात. 100 ला तिनाने भागलं तरी 33 येतात. पण 83 ला दोनाने भागलं की साडेएकेचाळीस. प्रोसेसर मजेत चालायचा, आणि हार्ड डिस्कवरच्या फायली मात्र खराब व्हायच्या. म्हणून 100 ची मोठी उडी ही 83 च्या छोट्या उडीपेक्षा सुरक्षित. लक्षात ठेवा, 100 सुरक्षित, 83 घातक.

अबिट कंपनीच्या बीएच 6 सारख्या बोर्डात बसचा वेग आणि व्होल्टेज थेट बायोसमधून, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमधून, बदलता यायचं. पण अनेक बोर्ड प्रोसेसरलाच विचारायचे, बाबा रे, तू 66 चा की 100 चा? हे विचारायची जागा म्हणजे बी 21 क्रमांकाची पिन. 66 च्या प्रोसेसरमध्ये ती जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेली असायची आणि 100 च्या प्रोसेसरमध्ये मोकळी. मग लोकांनी काय केलं? सेलेरॉन त्या काळी कार्डासारखा खाचेत बसायचा. त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांमधली नेमकी बी 21 मोजून काढायची आणि तिच्यावर चिकटपट्टीचा काडीएवढा तुकडा लावायचा. ग्राउंड तुटला की बोर्डाला वाटायचं, हा 100 चा प्रोसेसर आहे. तुकडा रुंद कापला तर शेजारची पिन झाकली जायची आणि यंत्र सुरूच व्हायचं नाही. खाचेत सरकवताना पट्टी गोळा होऊन निघायचीही. त्यावर उपाय म्हणून काहींनी नेलपॉलिशचा पातळ थर दिला. तो वाळून घट्ट बसायचा आणि नको झाला की रिमूव्हरने पुसता यायचा.

सगळेच सेलेरॉन 450 गाठत नसत. काहींना 2 व्होल्टऐवजी 2.2 व्होल्ट द्यावे लागत, काही तरीही अडून बसत. मलेशियाची चिप चांगली की कोस्टा रिकाची, यावर तावातावाने वाद होत. पण पोहोचणाऱ्यांचं प्रमाण इतकं मोठं होतं, की 149 डॉलरची चिप खेळांमध्ये 669 डॉलरच्या चिपच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मोठ्या डेटाच्या कामात जास्त कॅशमुळे पेंटियम थोडा पुढे राहायचा, इतकंच. हे जमलं, कारण दोन्ही चिप 0.25 मायक्रॉनच्या एकाच पिढीच्या तंत्राने बनत होत्या आणि सेलेरॉनला अडवणारी बाहेरची कॅश चिपच नव्हती. सिलिकॉन 450 ला तयार होतं. 300 हा आकडा बाजाराने ठरवला होता.

आज हे कसं करतात, ते थोडक्यात. मल्टिप्लायर मोकळा असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये नावाशेवटी के आणि बोर्ड झेड मालिकेचा. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरमध्ये मल्टिप्लायर मोकळाच असतो. आधी काहीही न बदलता अर्धा तास प्राइम 95 हा भार टाकणारा प्रोग्रॅम चालवून तापमान लिहून ठेवा. मेमरी जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल या काळात बंद ठेवा, नाहीतर चूक प्रोसेसरची की मेमरीची, हे कळत नाही. मग मल्टिप्लायर एकाने वाढवा, म्हणजे 100 मेगाहर्ट्‌झ. चाचणी घ्या. यंत्र अडखळलं तर व्होल्टेज 0.02 व्होल्टने वाढवा, पुन्हा चाचणी. एका वेळी एकच बदल. पुन्हा सांगतो, एका वेळी एकच बदल. यंत्र सुरूच झालं नाही तर विजेची वायर काढून बोर्डावरचं नाण्याएवढं सेल काही मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळपदावर येतो.

थांबायचं कुठे, ते उष्णता ठरवते. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग 10 टक्के आणि व्होल्टेज 10 टक्के वाढवलं, की उष्णता वाढते 33 टक्के. शेवटचे 100 मेगाहर्ट्‌झ सगळ्यात महाग पडतात ते यामुळे. आणि हो, समोरून काचेने बंद केलेली, आत रंगीत दिव्यांची रोषणाई असलेली कॅबिनेट हा माझ्या मते शुद्ध वेडेपणा आहे. हवा आत जायला जागा नाही आणि म्हणे ही खेळाडूंची कॅबिनेट! जाऊ द्या.

यंत्र बंद पडणं हा खरा धोका नाही, ते निदान दिसतं. खरा धोका गुपचूप होणाऱ्या चुकांचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत हार्डवेअरच्या चुकांच्या, डब्ल्यूएचईए नावाच्या नोंदी दिसू लागल्या, तर सगळं सुरळीत वाटत असलं तरी एक पायरी मागे या. कामाच्या फायलींची प्रत आधीच वेगळ्या डिस्कवर हवी. आणि जास्त व्होल्टेज महिनोन्‌महिने दिलं, की चिपच्या आतल्या बारीक तारा झिजतात. आज 1.30 व्होल्टवर चालणारा वेग मग पुढे 1.35 मागू लागतो.

2011 मध्ये इंटेलचा कोअर आय 5 2500 के साध्या हवेच्या कूलरवर 3.3 वरून साडेचार गिगाहर्ट्‌झपर्यंत जायचा. 2023 मध्ये आलेला कोअर आय 9 14900 के कारखान्यातूनच 6 गिगाहर्ट्‌झपर्यंत उसळी घेतो. हातचं राखलेलं कंपनीच खर्च करून टाकते. म्हणून हौशी लोकांनी मोर्चा वळवला आहे तो व्होल्टेज कमी करण्याकडे. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने प्रत्येक कोअरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणनभागाला, उणे 10, उणे 15 असा आकडा देऊन व्होल्टेज उतरवता येतं. व्होल्टेज उतरलं की तापमान उतरतं आणि प्रोसेसर आपणहून जास्त वेग धरतो. फक्त एक मेख आहे. असं यंत्र भरपूर भाराखाली तासन्‌तास टिकतं आणि तुम्ही नुसतं ब्राउझर उघडलं की कोसळतं. कारण हलक्या कामात एकच कोअर सर्वोच्च वेगाला जातो आणि व्होल्टेज तिथेच अपुरं पडतं. त्यामुळे चाचणी एकेका कोअरची घ्या. कोअरसायक्लर नावाचा प्रोग्रॅम हे काम रात्रभर आपोआप करतो. सकाळी ज्या कोअरवर चूक नोंदलेली दिसेल, तेवढ्याच कोअरचा उणे आकडा पाचने शून्याकडे आणा, म्हणजे उणे 15 चा उणे 10 करा, आणि पुन्हा रात्रभर लावून ठेवा.