धरलेली रेषा

मंडळी, आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की आधी बोरघाट आठवतो. मुंबई-पुणे शर्यतीत पहिला कोण आला हे विसरणारा माणूसही ‘घाटाचा राजा’ कोण झाला ते सांगतो. चढावर सायकलपटूचा दम उघड दिसतो, म्हणून तो आपल्याला भावतो. मी आज बोलणार आहे ते सपाट रस्त्यावरच्या शेवटच्या दोनशे मीटरबद्दल. तिथे दमाइतकाच विश्वास लागतो, आणि तो मोडला तर माणसं मरणाच्या दारात जातात.

आधी तिथे काय घडतं ते पाहू. युरोपातल्या मोठ्या शर्यतीत स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या झेपेत सगळ्यात वेगवान असलेला सायकलपटू, एकटा येत नाही. त्याचे सहकारी एकामागे एक लागून त्याच्यासाठी वारा कापतात. यालाच लीड-आउट म्हणतात. शेवटचा सहकारी बाजूला झाला की स्प्रिंटर सुटतो. वेग ताशी 65 ते 70 किलोमीटर. मागचा त्याच्या चाकाला जवळजवळ चिकटलेला, कारण वाऱ्याचा आडोसा तिथेच मिळतो. अंगावर पातळ जर्सी आणि डोक्यावर हेल्मेट, बाकी काही नाही. मागच्याला बाहेर पडायला फट हवी असते आणि पुढच्याला ती द्यायची नसते. सगळी भांडणं या फटीवरून होतात.

नियम अगदी साधा आहे: स्प्रिंट सुरू करताना जी रेषा धरली, ती सोडून दुसऱ्याला धोका होईल असं वळायचं नाही. पुढचा सरळ जाईल या भरवशावरच मागचा त्या फटीत घुसतो. ब्रेक दाबून सावरायला तिथे वेळच नसतो.

5 ऑगस्ट 2020. पोलंडच्या शर्यतीचा पहिला टप्पा, शेवट काटोवित्से शहरात. डायलन ग्रोनेवेगन आणि फाबियो याकोबसेन, दोघेही नेदरलँड्सचे. याकोबसेन उजवीकडून पुढे सरकतोय हे पाहून ग्रोनेवेगन उजवीकडे सरकत गेला, सरकतच गेला, आणि शेवटी त्याने कोपर काढलं. याकोबसेन बॅरिकेडवर आदळून पलीकडे फेकला गेला. डॉक्टरांनी त्याला औषधांच्या गुंगीत कोमात ठेवलं. चेहऱ्याची हाडं मोडली होती, जवळजवळ सगळे दात गेले होते, आणि जबडा उभा करायला कमरेचं हाड वापरावं लागलं. ग्रोनेवेगनला स्पर्धेतून बाद करून नऊ महिन्यांची बंदी घातली गेली. याकोबसेनच्या संघाचे प्रमुख तर ग्रोनेवेगनला तुरुंगात टाका म्हणाले. ग्रोनेवेगनच्या घरी इतक्या धमक्या आल्या की पोलिसांचा पहारा बसवावा लागला.

ग्रोनेवेगनने रेषा सोडली, यात मला काडीचीही शंका नाही, आणि ती बंदी योग्यच होती. पण काटोवित्सेचा तो रस्ता उताराचा होता. वेग ताशी 80 किलोमीटरच्या घरात जायचा, आणि सायकलपटू आधीपासून त्याबद्दल कुरकुरत होते. धडक बसताच बॅरिकेड सुटे होऊन उडाले. उतारावर शेवट ठेवणाऱ्यांना आणि असे कठडे लावणाऱ्यांना कुणी नऊ महिने घरी बसवलं नाही. याचा मला आजही राग येतो.

दुसरं असं की शिक्षा बहुधा पडलेल्याच्या जखमा मोजून ठरते. 2017 च्या टूर द फ्रान्समध्ये व्हितेलच्या टप्प्यावर मार्क कॅव्हेंडिश पडला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि पेतेर सागानला शर्यतीतून हाकललं गेलं. त्याने कोपर मारलं असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने तो मुद्दाम केलेला प्रकार नव्हता हे मान्य केलं. पण टूर तर संपली होती! 2010 च्या टूरमध्ये मार्क रेनशॉने जुलियन डीनला चक्क डोक्याने ढुशा दिल्या, तेव्हा मात्र कुणी पडलेलं नसतानाही पंचांनी त्याला घरी पाठवलं. मला हाच न्याय बरोबर वाटतो. समोरचा वाचला हे त्याचं नशीब. त्यामुळे ढुशी देणाऱ्याचा गुन्हा कमी होत नाही.

2024 च्या टूरमध्ये दिजाँच्या टप्प्यात यास्पर फिलिप्सन दुसरा आला, पण त्याने व्हाउट व्हान आर्टला कठड्याकडे दाबलं होतं. व्हान आर्टने जोर सोडला म्हणून तो वाचला. पंचांनी फिलिप्सनला मागे टाकलं आणि हिरव्या जर्सीच्या, म्हणजे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला मिळणाऱ्या जर्सीच्या, लढतीतले त्याचे मोलाचे गुण गेले. तो टप्पा जिंकला ग्रोनेवेगनने.

खिलाडूवृत्ती म्हटलं की आपल्याला शर्यतीनंतरचं हस्तांदोलन आठवतं. याकोबसेन आणि ग्रोनेवेगन 2021 मध्ये समोरासमोर भेटले, पण ती भेट काही गोड झाली नाही. नीट माफी मागितली गेली नाही, असं याकोबसेनने नंतर जाहीरपणे सांगितलं. त्याला दोष देणारे आपण कोण? 2022 ला दोघेही टूरमध्ये होते. 2 जुलैला डेन्मार्कमध्ये न्यूबोर्गला याकोबसेन जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सॉनरबोर्गला ग्रोनेवेगन. दोघांनी पुन्हा त्याच घोळक्यात, त्याच वेगाने सायकल घातली. मन किती घट्ट करावं लागलं असेल!

मला खिलाडूवृत्ती दिसते ती व्हान आर्टच्या त्या क्षणात. फट मिटतेय हे पाहून जिंकण्याची आशा सोडायची आणि पाय थांबवायचे. त्याला कुणी पदक देत नाही. आणि 2014 च्या टूरमधला कॅव्हेंडिश आठवा. इंग्लंडमधल्या हॅरोगेटला, आपल्या आईच्या गावी, तो नसलेल्या फटीत घुसायला गेला, सायमन गेरान्सला घेऊन पडला, खांदा निखळून टूरबाहेर गेला. त्याच संध्याकाळी तो म्हणाला की चूक माझीच. त्याने ना रस्त्यावर ढकललं, ना वाऱ्यावर.

2025 पासून धोकादायक वागणाऱ्याला पंचांनी द्यायची पिवळी कार्डं पक्की झाली. एकाच शर्यतीत दोन मिळाली की सायकलपटू बाद होतो आणि वर सात दिवस घरी बसतो. मला ही पद्धत पटते, कारण कुणी पडायची वाट न पाहता पंचांना इशारा देता येतो. पण त्याच वर्षी टूरच्या तिसऱ्या टप्प्यात, वाटेतल्या, गुणांसाठीच्या एका स्प्रिंटमध्ये, ब्रायाँ कोकारला दुसऱ्या सायकलपटूचा धक्का लागला, तो हेलपाटत फिलिप्सनवर गेला, आणि हिरवी जर्सी घातलेल्या फिलिप्सनचं गळ्याजवळचं हाड मोडलं. कोकारने माफी मागितली, तरी त्याला कार्ड मिळालं. माझ्या मते ते चूक होतं. कोकारने रेषा सोडली नव्हती, तो तिच्यावरून ढकलला गेला होता. पंचांनी चित्रफीत त्या पहिल्या धक्क्यापासून पाहायला हवी होती.