प्लेटची मागची बाजू

(दृश्य: टेबलावर पालथी ठेवलेली, नुकतीच काढलेली प्लेट)

पोटावरून काढलेली ही प्लेट, म्हणजे मल गोळा करणारी पिशवी पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती, बहुतेक घरांत तशीच कागदात गुंडाळून कचऱ्यात जाते. सिस्टर मात्र आधी ती पालथी करून उजेडात धरतात. मधल्या भोकाभोवतीचा चिकट थर विरघळून गेलाय, आणि अगदी खालच्या बाजूने एक पिवळट ओघळ बाहेरच्या कडेपर्यंत पोचलाय. आता काकूंच्या पोटाकडे बघा. जिथे ओघळ, नेमकी तिथेच कातडी लालभडक झालीय.

काकूंच्या ऑपरेशनला दोन महिने झालेत. लहान आतड्याचं टोक पोटावर आणून शिवलंय. तोच हा लाल, ओलसर स्टोमा.

“आग तर व्हायचीच ना, सिस्टर?”

“नाही काकू. आग होता कामा नये. लाल असायचा तो स्टोमा. त्याच्या भोवतीची कातडी बाकीच्या पोटासारखीच दिसली पाहिजे.”

ही आग मुकाट सोसणारी माणसं आपल्याकडे फार आहेत. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो आणि त्यात पचनाचे रस असतात. ते कातडीवर साचले की काही तासांत ती सोलवटायला लागते. मोठ्या आतड्याच्या स्टोमातला मल सहसा घट्ट असतो, तिथे हा त्रास कमी. पण दोन्हीकडे गळतीला काहीतरी कारण असतंच, आणि ते प्लेटच्या मागे दिसतं.

(दृश्य: मापाचा कागद स्टोमाभोवती)

पहिलं कारण भोकाचं माप. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पहिले सहा ते आठ आठवडे तो आक्रसत जातो. काकू अजून सुरुवातीच्याच मापाने भोक कापतायत, म्हणून मधली कातडी उघडी पडते. भोक स्टोमाच्या आकाराचंच हवं, भोवती दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून. फार घट्टही नको. स्टोमाला दुखणं कळत नाही, त्यामुळे कड घासून जखम झाली तरी पत्ता लागत नाही.

दुसरं कारण झोपून तपासलं असतं तर दिसलंच नसतं. सिस्टर काकूंना खुर्चीत बसवतात, किंचित पुढे वाकायला सांगतात, आणि स्टोमाखाली एक घडी उघडी पडते. मल याच वाटेने प्लेटखाली शिरतोय. इथे पेस्ट लागते. पेस्ट चिकटवायला नसते, भिंतीच्या भेगेत रंगारी लांबी भरतो तशी ती घडीत भरायची, थोडीशीच. तिच्यात अल्कोहोल असेल तर सोललेल्या कातडीवर झोंबते.

लाल दिसलं की आपला हात आपसूक खोबरेल तेलाकडे नाहीतर हळदीकडे जातो. कृपा करून इथे ते नको. तेलकट कातडीवर प्लेट धरत नाही, मग गळती वाढते आणि लालीही. स्पिरिट, डेटॉल, क्रीम, काहीच नको. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. स्टोमा पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका. कातडी ओली, सोललेली असेल तिथेच स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची.

(दृश्य: काकू स्वतः प्लेट लावतात)

सकाळी, चहाच्या आधी स्टोमा शांत असतो. बदलायला हीच वेळ चांगली. प्लेट तळहातांत धरून ऊबदार करा. लावल्यावर बोट आधी भोकाच्या कडेने फिरवा, मग बाहेरच्या बाजूला. त्यावर दोन मिनिटं हात ठेवून बसा. काढतानाही ओरबाडू नका. एका हाताने कातडी दाबत दुसऱ्या हाताने प्लेट हलके सोडवा.

ओलसर कातडीवर टिकेल असं काहीतरी शोधताना अमेरिकेत क्लीव्हलंडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी 1950च्या दशकात कराया डिंक वापरात आणला. कवळी बसवण्यासाठी वापरात असलेला हा डिंक कांडोळाचा, आपल्या डोंगरउतारावर उन्हाळ्यात पांढरंफटक दिसतं त्या झाडाचा. आजच्या प्लेटमध्ये पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोज असतं, पण काम तेच.

घामाच्या दिवसांत प्लेट लवकर सुटते. एरवी तीन-चार दिवस टिकणारी प्लेट तेव्हा आधीच बदलावी लागते. खाज सुटून बारीक लाल पुरळ आलं तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने प्लेट ओढली जाते.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्यांनी स्टोमाची जागा आधी आखून मागावी. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो, मांडी घालून बसल्यावर घडी कुठे पडते, हे सांगावं. जागा स्वतःच्या नजरेला दिसायला हवी.

स्टोमा काळपट पडला, किंवा पोटात कळा येऊन मल येणं थांबलं, तर मात्र घरी उपाय करत बसू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.