देवाची अक्षरे वजा जाता

(दृश्य : रंगवलेल्या पत्र्यावर खडूने माखलेला दोरा ताणला जातो. टच् असा आवाज.)

खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा पत्र्यावर ताणायचा, मधोमध चिमटीत उचलायचा आणि सोडून द्यायचा, एवढे केले की पांढरी सरळ रेघ उमटते. गोव्यातल्या वास्को शहरातल्या कितीतरी दुकानांची नावे गेल्या पन्नास वर्षांत याच रेघेला लोंबकळत लिहिली गेली. दोऱ्याचे डावे टोक पेंटरबाबांच्या हातात आहे आणि उजवे त्यांच्या पत्नीच्या. गावात त्यांना पेंटरबाब एवढ्याच नावाने ओळखतात आणि या माहितीपटातही तेवढेच पुरे, असा त्यांचा आग्रह आहे. दुसऱ्याचे नाव लिहिण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने स्वतःचे कशाला मिरवावे, असे ते म्हणतात.

पाटीचे काम अक्षरापासून सुरू होत नाही, ते पत्र्यापासून सुरू होते. पत्रा लाकडी चौकटीवर ठोकल्यावर त्याला रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की पॉलिश पेपरने घासायचा, मग जमिनीच्या, म्हणजे अक्षरांमागच्या रंगाचे दोन हात द्यायचे आणि दोन्हींच्या मध्ये पुन्हा घासायचे. समुद्राची खारी हवा पत्र्याच्या कडेपासून खायला लागते, म्हणून कडेला एक हात जास्त. ही सगळी तयारी दोन दिवस चालते आणि गिऱ्हाइकाला त्यातले काहीच दिसत नाही. त्यानंतर खडूने अक्षरांचा अंदाज घेतला जातो. नवशिका पेंटर पहिली अक्षरे ऐसपैस काढतो आणि शेवटची कोपऱ्यात कोंबतो. पेंटरबाब मात्र अक्षरे आधी मधल्यापासून मोजतात आणि दोन्ही बाजूंना सरकत जातात. डाव्या मुठीत काठी धरून तिच्यावर उजवे मनगट टेकवलेले आपण पाहत आहोत. त्या काठीच्या टोकाला फडके गुंडाळलेले आहे, ते ओल्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. शिरोरेखा सर्वांत शेवटी येते. ती मात्र थांबत थांबत ओढता येत नाही.

(दृश्य : शिरोरेखा. संपूर्ण. निवेदन नाही.)

पेंटरबाब बाहेरची रेघ काढतात आणि आतली भरणी त्यांची पत्नी करते. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या हाती ब्रश आला. त्या डावखुऱ्या असल्यामुळे पाटीच्या उजव्या टोकाकडून भरत येतात, पेंटरबाब डावीकडून रेघ काढत जातात, आणि दोघांची गाठ बहुधा मधल्या अक्षरावर पडते. त्यांच्या हातातल्या हिरव्या काचेच्या बांगडीवर पिवळ्या ऑईल पेंटचा जो ठिपका दिसतो आहे, तो आम्ही चित्रीकरण सुरू केले त्या दिवशीही होता आणि संपवले त्या दिवशीही होता.

या घराण्यात रंगाचा वारसा नव्हता. वडील बंदरात हमाली करत. मुरगाव बंदर आणि १८८० च्या दशकात तिथवर आलेली रेल्वे, या दोहोंच्या भोवती वास्को वाढले, आणि बंदराच्या गावाला पाट्या लागतात. पोर्तुगीज राजवटीत 'फार्मासिया' (औषधांचे दुकान) आणि 'पादारिया' (बेकरी) अशी रोमन अक्षरे रंगवणारा एक म्हातारा कारागीर तेव्हा शहरात होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या म्हाताऱ्याच्या दारात देवनागरी पाट्यांसाठी रांग लागली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यामुळे त्या पाट्या वाचणारी मुलेही तयार होत गेली. पेंटरबाब त्यांतलेच एक. शाळा सुटल्यावर ते या कारागिराकडे ब्रश धुवायला बसत.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची आठवण ते आजही हसत सांगतात. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असणाऱ्यांचे चिन्ह फूल होते आणि वेगळेपण राखू पाहणाऱ्यांचे दोन पाने. गुरूने दोन्ही बाजूंची कामे घेतली. तेरा वर्षांच्या या शिष्याने सकाळी एका भिंतीवर पाकळ्या भरल्या आणि संध्याकाळी समोरच्याच भिंतीवर पाने. त्यांच्या घरचे मत कोणाला गेले, हे आम्ही विचारले तेव्हा उत्तराऐवजी चहा आला.

कलेच्या इतिहासाबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी. मराठी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि घरोघरीच्या भिंतींवरची देवदेवतांची कॅलेंडरे ज्यांनी घडवली, ते दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोघेही मूळचे गोव्याचे. दोघांनाही मुंबईने मोठे केले. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' अंक सुरू केला, तोही मुंबईतच. त्यांच्याविषयी लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. पण जे गेले त्यांचाच इतिहास होतो आणि जे राहिले त्यांची फक्त बिले उरतात, हे आम्हाला खटकते. पेंटरबाबही मुंबईला गेले होते. सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी चौकोन आखून चेहरे मोठे करण्याचे काम शिकायला घेतले आणि वडिलांच्या पाठीला बंदरात मार बसल्याचे पत्र आल्यावर दुसऱ्या महिन्यात ते परत आले. पाठची तीन भावंडे शाळेत होती. देवघरात, समईच्या काजळीने कडा काळवंडलेले मुळगावकरांच्या चित्राचे जे कॅलेंडर दिसते आहे, ते त्यांनी त्या परतीच्या प्रवासात विकत घेतले. त्याच्यावरची तारखांची पाने कधीच संपली, लक्ष्मी आहे.

परत आल्यावर त्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला तो एका नवसासह. दर अक्षरामागे ठरलेला होता, जोडाक्षर एकच धरायचे आणि काना-मात्रा-वेलांटीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा गुरूचा हिशेब त्यांनी तसाच ठेवला. त्यात भर एवढीच, की देवाच्या नावाची अक्षरे मोजायची नाहीत. नवस सोपा वाटतो. पण वास्कोत दुकानाला, बसला, रिक्षाला दामोदर, शांतादुर्गा, मंगेश, म्हाळसा यांच्याखेरीज दुसरे नाव सुचत नाही, हे धंदा सुरू झाल्यावर लक्षात आले. 'श्री दामोदर स्टोअर्स' या पाटीचे पैसे मिळाले ते 'स्टोअर्स'चे, म्हणजे तीन अक्षरांचे. ख्रिस्ती गिऱ्हाइकांनी आपल्या संतांचे काय, असे विचारले. तेव्हा 'सेंट अँथनी बेकरी'तली बेकरी तेवढी मोजायची, असे ठरले. काही दुकानदार शहाणे निघाले आणि उद्घाटनाच्या आधी त्यांनी नावे बदलून घेतली.

घर चालवायचे होते पत्नीला, म्हणून अर्थ लावण्याचा अधिकारही त्यांच्याकडे आला. 'श्री' फुकट. 'कृपा' फुकट. 'प्रसाद' मात्र मोजायचा, कारण त्यांच्या शब्दांत सांगायचे तर, "प्रसाद माणूस खातो, त्याचे पैसे पडणारच." मग 'प्रसन्न'चे काय, या आमच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "प्रसन्न देव होतो. त्याला बिल कसले लावायचे?" दोन मुलींची शिक्षणे, लग्ने आणि हे मंगलोरी कौलांचे घर याच हिशेबात झाले.

(दृश्य : कुठ्ठाळीजवळ जुवारी नदी. किनाऱ्याला लागलेल्या बार्जच्या, म्हणजे मालवाहू बोटीच्या, नाळेवर (पुढच्या टोकावर) दोरांनी टांगलेली फळी. फळीवर पेंटरबाब.)

खरा पैसा नदीवर होता. खाणींचे लोहखनिज मांडवी आणि जुवारीतून मुरगावला आणणाऱ्या बार्जांना दर काही वर्षांनी दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढत आणि रंग देत, तेव्हा नाळेवर दोन्ही बाजूंना आणि मागे नाव लिहावे लागे. दोन दोन फुटी अक्षरे, रोमन आणि देवनागरी. बार्जची नाळ आत वळत जाते, त्यामुळे फळीवर बसून जे अक्षर उभे वाटते ते पाण्यातून आडवे पडल्यासारखे दिसते. म्हणून एक अक्षर झाले की फळी खाली सोडायची, होडीत उतरायचे, होडी तीस हात मागे घ्यायला सांगायची, एक डोळा मिटून पाहायचे आणि पुन्हा वर चढून अक्षर मुद्दाम वाकडे करायचे. आमच्या विनंतीवरून, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी हे पुन्हा एकदा करून दाखवले. होडीवाला दोनदा ओरडला की आता दिसते तेवढे पुरे आहे. ते तिसऱ्यांदा वर चढले.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झालेल्या २०१८ मध्ये परत थांबल्या. त्याच्या आधीपासूनच दुकानांवर फ्लेक्स आले होते. पेंटरबाबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि टर्पेंटाइनच्या वासाने हल्ली खोकला येतो.

(दृश्य : पाऊस. स्वातंत्र्यपथ. विद्युत रोषणाई. टाळमृदंगाचा आवाज जवळ येतो.)

श्रावण शुद्ध षष्ठीला, म्हणजे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, वास्कोत श्री दामोदराचा सप्ताह सुरू होतो. नाव सप्ताह असले तरी भजन अखंड चोवीस तासांचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ आली, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि तिथून आणलेले श्रीफळ इथे ठेवून भजन केले, अशी या उत्सवाची कथा सांगतात. आजही श्रीफळ ठेवून भजनाला आरंभ होतो आणि रात्री निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, चित्ररथांसह वाजत गाजत येतात. एका पाराची पाटी आणि चित्ररथामागचा पडदा दरवर्षी पेंटरबाबांकडे असतो. या पडद्यावर यंदा कालियामर्दन आहे. नागाच्या फण्या पाच असाव्यात की सात, यावर घरात आठवडाभर वाद चालला होता आणि जागा पाचांनाच पुरली.

श्रावणात ऑईल पेंट वाळत नाही. म्हणून पाटी दोन रात्री स्वयंपाकघरात, चुलीच्या भिंतीला टेकवून, शंभर वॅटच्या बल्बखाली ठेवली होती आणि दोन रात्री जेवणे ओसरीवर झाली. पाराचे नाव मोजले तर नऊ अक्षरे होतात. वर 'श्री दामोदर प्रसन्न' आहे, ते वजा.

रात्रीचे दोन वाजले आहेत. पेंटरबाबांच्या भजनी मंडळाची पाळी आता आहे. झांज त्यांच्या हातात आहे आणि सदरा पाठीवर भिजून चिकटला आहे. एवढे करूनही 'प्रसन्न'मधला शेवटचा न्न ओला राहिला. पाटी खांद्यावर घेतलेल्या मुलाच्या शेजारून चालणाऱ्या, छत्री स्वतःवर न धरता पाटीवर धरलेल्या बाई आपण ओळखल्याच असतील.

(दृश्य : छत्री, पाटी, गर्दी. भजनाचा आवाज तसाच. निवेदन समाप्त.)